जॉर्ज फेरिस आणि त्यांचे चाक

जत्रेच्या वाटेस लागलेल्या मुलास देवळाचा कळस अथवा चर्चचा क्रूस दिसण्यापूर्वी रहाटपाळणा दिसतो, असा आमचा अनुभव आहे. बांद्र्याची मोतमाउलीची सप्टेंबरातील जत्रा घ्या, माहीमचा डिसेंबरातील मेळा घ्या, किंवा आपल्या कल्याणच्या बाजूस भरणारी एखादी लहानशी यात्रा घ्या. चक्रीतील लाकडी घोडे, रुळांवरून वळणे घेत धावणारी चिमुकली आगगाडी, एकमेकींवर आदळणाऱ्या मोटारी, लाकडी विहिरीच्या भिंतीवरून घरघरत फिरणारी फटफटी, या सर्वांच्या वर मान काढून उभा असतो तो पाळणाच. मोहन्याहून आंबिवली स्थानकावर यावे, गाडी धरावी आणि अशा जत्रांस जावे, हे आम्ही अनेकदा केले आहे. आणि पाळणा टोकास जाऊन खाली येऊ लागला म्हणजे पोटात जो गोळा उठतो तो वाढत्या वयाबरोबर कमी झालेला नाही, हेही प्रांजळपणे कबूल करितो.

रहाटपाळणा हा शब्द आम्हांस फार आवडतो. ठाण्या-वसईच्या वाड्यांतून पूर्वी विहिरीवर रहाट असे. बैल किंवा रेडा गोल फिरे, तेणेकरून चाक फिरे, आणि चाकावरील माळेतले लोटे रिकामे खाली जात व भरून वर येत. ज्या कोणी पाळण्यास रहाटाचे नाव दिले त्याने दोहोंतील साम्य अचूक हेरिले होते. एकात पाणी वर चढते, दुसऱ्यात माणसे चढतात, इतकाच काय तो फरक. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

इंग्रजीत मात्र या पाळण्यास रहाटाचे नाव नाही, एका मनुष्याचे आहे. त्यास फेरिस व्हील म्हणतात. आता, माणसांस बसवून फिरविण्याचे उभे चाक ही कल्पना काही फेरिस यांची नव्हे. पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा इटालियन प्रवासी 1615 साली कॉन्स्टँटिनोपल येथे रमजानच्या उत्सवात अशा एका चाकात बसला होता. हाच गृहस्थ पुढे 1623 साली आपल्या गोव्यास येऊन गेला. पीटर मंडी नावाच्या इंग्रजाने 1620 साली तुर्कांच्या मुलुखात असेच चाक पाहिले, व तोही पुढे कंपनीच्या चाकरीत सुरतेस आला. आपल्याकडील खेड्यांच्या जत्रांतून चार पेट्यांचा लाकडी पाळणा, ज्यास दोन माणसे हातांनी ओढून गती देतात, तो आमच्या वडीलधाऱ्यांनी आपल्या बालपणी पाहिलेला आहे. असे असता अवघ्या 37 वर्षांचे आयुष्य लाभलेल्या एका अमेरिकन इंजिनियराचे नाव या खेळास कायमचे का चिकटले? ते न्याय्य आहे की नाही? या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या चरित्रातच शोधिले पाहिजे.

जॉर्ज वॉशिंग्टन गेल फेरिस यांचा जन्म 14 फेब्रुवारी 1859 रोजी अमेरिकेतील इलिनॉय संस्थानातल्या गेल्सबर्ग या गावी झाला. वडिलांचेही नाव तेच. घरी शेती व दुभती जनावरे होती. जॉर्ज पाच वर्षांचा असता, 1864 साली, वडिलांनी शेत विकले आणि कुटुंब घेऊन ते पश्चिमेची वाट चालू लागले. नेव्हाडा प्रांत तेव्हा नुकता वसू लागला होता. तेथे प्रथम कार्सन नदीच्या खोऱ्यात व नंतर कार्सन सिटी या राजधानीच्या गावी त्यांनी बिऱ्हाड केले. वडिलांस झाडांचा मोठा नाद. त्या उजाड गावात पूर्वेकडून रोपे आणवून त्यांनी रस्तोरस्ती लाविली व गावास सावली दिली.

नदीच्या काठी एक मोठे पाणचक्र होते. त्याच्या काठाशी बांधलेली भांडी पाण्यात बुडत, भरून वर येत व डोणीत रिती होत. लहानगा जॉर्ज तासन्‌तास त्याकडे पाहात बसे आणि अशा एखाद्या भांड्यात बसून वर गेल्यास कसे वाटेल याचा विचार करी, असे सांगतात. मोठ्या माणसांच्या बालपणाच्या अशा गोष्टी मागाहून रचल्या जाण्याचा संभव असतो, हे आम्ही जाणतो. तरी ही गोष्ट खरी असावी असे आमच्या मनास वाटते. कारण तिकडे तो मुलगा चाकाकडे पाहून जे मनात आणीत होता, तेच इकडे आपल्या अनाम पूर्वजाने रहाटपाळणा या एका शब्दात बांधून ठेविले आहे.

सोळाव्या वर्षी जॉर्जला कॅलिफोर्नियातील ओकलंड येथील लष्करी शिस्तीच्या शाळेत धाडण्यात आले. तेथील शिक्षण आटोपून तो न्यूयॉर्क संस्थानातील ट्रॉय येथे रेन्सेलर विद्यालयात दाखल झाला. हे विद्यालय 1824 साली स्थापन झालेले, अमेरिकेतील इंजिनियरिंगच्या शिक्षणाचे आद्यपीठ होय. तेथून 1881 साली स्थापत्यशास्त्राची पदवी घेऊन जॉर्ज फेरिस बाहेर पडले.

नंतरची दहा वर्षे त्यांनी जे काम केले ते दिसण्यात मुळीच चमकदार नव्हते. प्रथम रेल्वेची आखणी, मग कोळशाच्या खाणीचे काम, मग पूल. त्या काळी पुलांसाठी घडीव लोखंडाच्या जागी पोलाद नुकतेच येऊ लागले होते. पोलाद अधिक बळकट खरे. परंतु एका कारखान्याचे पोलाद दुसऱ्यासारखे निघत नसे, आणि एकाच कारखान्यातील आजची पट्टी कालच्या पट्टीसारखी असेलच याचीही खात्री नसे. म्हणून पूल उभारण्यापूर्वी प्रत्येक तुकडा ताणून, वाकवून, तोडून पाहावा लागे. हेच कसोटीचे काम फेरिस यांनी आपला व्यवसाय म्हणून पत्करिले, आणि पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरी आपल्या नावाची पेढी काढिली. आंबिवलीहून टिटवाळ्याकडे जाताना आपली गाडी काळू नदीच्या पुलावरून खडखडत जाते, तेव्हा डब्यातील कोणासही त्या पोलादाची चिंता पडत नाही. पडत नाही, कारण ती चिंता कोणीतरी आधीच वाहिलेली असते. फेरिस हे असे चिंता वाहणाऱ्यांपैकी होते. 1886 साली मार्गारेट बीटी या तरुणीशी त्यांचा विवाह झाला.

आता त्यांच्या आयुष्यातील मुख्य प्रकरणाकडे वळू.

कोलंबसाने अमेरिकेचा किनारा गाठला त्यास 400 वर्षे झाली म्हणून शिकागो शहरी जागतिक प्रदर्शन भरविण्याचे ठरले. त्याच्या अगोदर, 1889 साली, पॅरिसच्या प्रदर्शनात आयफेल यांनी 300 मीटर उंचीचा लोखंडी मनोरा उभारून सर्व जगास थक्क करून सोडिले होते. अमेरिकन लोकांस ते झोंबत होते. प्रदर्शनाच्या बांधकामाचे प्रमुख डॅनियल बर्नहॅम यांनी इंजिनियरांच्या एका सभेत आपल्या देशबांधवांस चांगलेच डिवचले. शिल्पकारांनी आपले काम केले, इंजिनियरांनी मात्र नवे असे काहीच पुढे आणिले नाही, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. यावर कित्येकांनी आणखी उंच मनोऱ्यांचे नकाशे आणून दिले. परंतु आयफेलपेक्षा उंच मनोरा झाला तरी तो आयफेलच्याच मागे जाणे नव्हे काय? त्या सभेस 33 वर्षांच्या आतबाहेरचे फेरिस हजर होते. त्यानंतर लवकरच एका खाणावळीत मित्रांसह जेवीत असता त्यांस चाकाची कल्पना सुचली, व तेथेच बसून चाकाचा आकार, डब्यांची संख्या, तिकिटाचा दर येथपर्यंत सर्व तपशील त्यांनी कागदावर टिपिला, अशी आख्यायिका आहे.

चाकाचा व्यास 250 फूट. जमिनीपासून त्याचे टोक 264 फुटांवर, म्हणजे कल्याणात अलीकडे उठलेल्या पंचवीस मजली इमारतींच्या माथ्याइतके. बर्नहॅम यांस हे चाक प्रथम पटले नाही. चाकाचे आरे म्हणून फेरिस यांनी ज्या सळया योजिल्या होत्या त्या अडीच इंच जाडीच्या होत्या. एवढ्या अवाढव्य घेरास त्या कोळ्याच्या धाग्यांसारख्या दिसत. हे चाक आपल्याच भाराने चेपून लंबवर्तुळ होईल व कोसळेल, असे जाणत्यांचेही म्हणणे पडले.

येथे थोडे थांबून या शंकेचा उलगडा केला पाहिजे, कारण फेरिस यांचे सारे कर्तृत्व यातच साठविलेले आहे. बैलगाडीचे चाक पाहा. गाडीचा भार आसावर, आसावरून तुंब्यात, तुंब्यातून खालच्या आऱ्यांवर येतो व ते आरे काठीप्रमाणे उभे राहून तो पेलतात. म्हणून ते जाड हवेत. बारीक काठी दाबली की वाकते. आता सायकलचे चाक पाहा. त्याच्या तारा इतक्या बारीक की हाताने वाकतील. तरी तीवर धिप्पाड मनुष्य बसतो. हे कसे? कारण त्या तारा आधीच ताणून बसविलेल्या असतात. तेथे आस खालच्या तारांवर उभा नसतो, तर वरच्या तारांनी टांगलेला असतो. बारीक तार दाब सोसणार नाही, पण ताण भरपूर सोसते. विहिरीचा दोर घागर उचलतो, मात्र घागरीखाली उभा करून ठेवता येत नाही, तसेच हे. फेरिस यांचे चाक बैलगाडीचे नव्हते, सायकलचे होते. पाहणारे त्यास बैलगाडीच्या डोळ्यांनी पाहात होते, म्हणून त्यांस भय वाटे.

फेरिस यांचे सहकारी विल्यम ग्रोनाऊ यांनी हे सर्व गणित मांडले. वाऱ्याचा जोर, डब्यांतील माणसांचा भार, एका बाजूचे डबे भरलेले व दुसऱ्या बाजूचे रिकामे असल्यास येणारा पीळ, सर्व हिशेबात घेतले. या अभ्यासासाठी फेरिस यांनी पदरचे 25 हजार डॉलर खर्चिले. प्रदर्शनाच्या चालकांनी 1892 साली एकदा परवानगी दिली, ती लगेच परत घेतली, आणि अखेर 16 डिसेंबर 1892 रोजी पुन्हा दिली. प्रदर्शन उघडण्याचा दिवस 1 मे 1893! हाती उणेपुरे साडेचार महिने, देशात आर्थिक मंदीची चाहूल, भांडवल स्वतः उभे करावयाचे, आणि शिकागोचा हाडे गोठविणारा हिवाळा सुरू झालेला.

लूथर राइस नावाच्या दमदार मनुष्यावर प्रत्यक्ष बांधणीचे काम सोपविण्यात आले. जमीन कित्येक फूट गोठून दगड झाली होती; ती फोडली तर खाली पाण्याने भरलेली सरकती वाळू. पंप रात्रंदिवस चालू ठेवावे लागले. पायाचे आठ खांब, प्रत्येक 20 फूट लांबरुंद व 35 फूट खोल, काँक्रीटने भरावयाचे होते. आणि काँक्रीट घट्ट होण्यापूर्वी गोठू नये म्हणून त्यावर वाफ सोडावी लागे. आपल्याकडे वैशाखात स्लॅबवर पाणी मारितात. तिकडे माघात वाफ मारावी लागली.

चाकाचा आस बेथलेहेम येथील कारखान्यात घडविला. तो साडेपंचेचाळीस फूट लांब व सुमारे 46 टन वजनाचा होता. एवढा मोठा पोकळ पोलादी तुकडा जगात तोवर कोणी घडविलेला नव्हता. मार्च महिन्यात तो 140 फूट उंच मनोऱ्यांवर चढविला गेला, आणि चढविण्यास लागले केवळ दोन तास! बाकीचे भाग निरनिराळ्या कारखान्यांत निरनिराळ्या हातांनी घडत होते. एकदा जुळवून पाहण्यास वेळ नव्हता. ते एकमेकांस प्रथम भेटणार होते ते शिकागोच्या मैदानावर, जमिनीपासून शेकडो फूट उंच. एका भोकाचा बोल्ट दुसऱ्या भोकात न बसता तर? येथे फेरिस यांची ती दहा वर्षांची नीरस नोकरी कामास आली. कोणता कारखाना मापास सच्चा आहे व कोणाचे पोलाद ऐन वेळी दगा देईल, हे देशात त्यांच्याइतके क्वचितच कोणास ठाऊक असेल.

तरीही 1 मे हा दिवस हुकला. प्रदर्शन उघडले तेव्हा चाक अपुरेच होते, आणि पाहुणे त्या सांगाड्याकडे पाहून माना हालवीत. 9 जून रोजी, अद्याप डबे टांगिले नसता, राइस यांनी वाफ सोडिली. चाक हलले. आऱ्यांत अडकून राहिलेले सुटे बोल्ट व एखाददुसरा विसरलेला पाना खडखडत खाली पडले, आणि चाक फिरत राहिले. फेरिस त्या वेळी पिट्सबर्ग येथे होते. त्यांस ही बातमी तारेने कळविण्यात आली. दोन दिवसांनी सहा डबे लावून माणसांसह फेरी घेण्यात आली, तीत त्यांच्या पत्नी मार्गारेट होत्या. नवऱ्याच्या गणितावर विश्वास ठेवण्याचा याहून स्पष्ट मार्ग आम्हांस तरी ठाऊक नाही.

21 जून 1893 रोजी चाक लोकांसाठी खुले झाले. त्यास 36 डबे होते, एकेक आपल्या वर्गाच्या खोलीएवढा, 13 टन वजनाचा, काचेच्या खिडक्यांचा. प्रत्येकात फिरत्या 40 खुर्च्या. उभे राहणारे धरून 60 माणसे मावत. म्हणजे सर्व डबे भरले की 2160 माणसे एकाच वेळी हवेत! आमच्या शाळेतील सर्व मुले, सर्व शिक्षक व शिपाईमंडळी बसविली तरी कित्येक डबे रिकामे राहतील. 1000 अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन एका प्रचंड साखळीने चाक फिरवी. तसेच दुसरे इंजिन राखीव असे. वाफ तयार करण्याच्या भट्ट्या दूर ठेवून ती जमिनीखालच्या नळांतून आणिली होती, जेणेकरून धूर व राख प्रवाशांच्या अंगावर न यावी. तिकीट 50 सेंट. त्यात दोन फेऱ्या मिळत. पहिल्या फेरीत माणसे चढविण्या-उतरविण्यास चाक सहा वेळा थांबे, दुसरी फेरी न थांबता सुमारे नऊ मिनिटांची होई. रात्री चाकावर 3000 विजेचे दिवे लागत. त्या काळी बहुतेक प्रेक्षकांच्या घरी एकही नव्हता.

जुलै महिन्यात शिकागोवर भयंकर वादळ झाले. प्रदर्शनात प्रेक्षकांस वर नेणारे एक मोठे विमानबलून होते. त्याच्या चिंध्या झाल्या. चाक मात्र उभेच राहिले. त्यानंतर कोणी आऱ्यांच्या जाडीविषयी बोलेनासे झाले. प्रदर्शन बंद होईपर्यंत 14 लक्षांहून अधिक लोकांनी या चाकातून फेरी मारिली. (याच प्रदर्शनाच्या निमित्ताने सप्टेंबरात शिकागोस सर्वधर्मपरिषद भरली व तीत स्वामी विवेकानंदांचे नाव गाजले, आपल्या मुंबईहून नगरकर व वीरचंद गांधी हेही त्या परिषदेस गेले होते.)

येथपर्यंतची कथा वाचून आमच्या बालवाचकांस वाटेल की आता फेरिस श्रीमंत झाले व सुखाने राहू लागले. तसे झाले नाही.

करार असा होता की पहिले 3 लक्ष डॉलर चाकाच्या कंपनीने घ्यावे, व त्यापुढील उत्पन्नात निम्मा वाटा प्रदर्शनाचा. उत्पन्न झाले 7 लक्ष 26 हजारांच्या घरात. परंतु चाकास खर्चच सुमारे 4 लक्ष आला होता. वाटणीवरून तंटा लागला व प्रकरण कोर्टात गेले. तशात विल्यम सोमर्स नावाच्या गृहस्थाने आपली कल्पना चोरल्याचा दावा लाविला.

हे सोमर्स कोण? 1892 साली अटलांटिक सिटी इत्यादी समुद्रकाठच्या तीन करमणुकीच्या ठिकाणी त्यांनी 50 फूट व्यासाची लाकडी चाके उभारिली होती, आणि 1893 च्या जानेवारीत त्यांस या चाकाचे पेटंटही मिळाले होते. फेरिस यांनी त्यांचे चाक पाहिले असावे असे म्हणतात. दावा शेवटी निकालात निघाला. सोमर्स यांस काही मिळाले नाही, पण फेरिस यांचे पैसे वकिलांवर गेले ते गेलेच. आम्हांस सोमर्स यांजविषयी सहानुभूती वाटते. आज त्यांचे नाव कोणास ठाऊक नाही, आणि ज्या जातीचे पाळणे त्यांनी बांधिले त्यांस जग दुसऱ्याच्या नावाने ओळखते. तथापि फेरिस यांनी चोरी केली असे आम्ही म्हणणार नाही. चाकात माणसे बसविणे ही कल्पना सोमर्स यांचीही नव्हतीच. ती देल्ला व्हाल्ले याने पावणेतीनशे वर्षांपूर्वी पाहिलेली होती. फेरिस यांचे जे खरे होते ते दुसरेच: 50 फुटांचे लाकूड 250 फुटांच्या पोलादात नेता येईल, व त्यात दोन हजार जीव निर्धास्त बसविता येतील, ही खात्री आणि ती पटविणारे गणित. नाव चाकास नव्हे, त्या खात्रीस मिळाले असे मानल्यास कोणावरच अन्याय होत नाही. निदान आमचा तरी असा निवाडा आहे. कोणास पटेल, कोणास न पटेल.

चाकही मालकास खाऊ लागले. प्रदर्शन संपल्यावर 1894 साली ते उतरविले, आणि 1895 साली शिकागोच्याच लिंकन पार्कजवळ पुन्हा उभारिले. सभोवती बाग, उपाहारगृह, वाद्यवृंद असा बेत होता. पण त्या वस्तीतील लोकांनी तक्रारी केल्या. गर्दी व गोंगाट त्यांस नको होता. शिवाय जे सर्व जग पाहण्यास आलेल्या माणसाने हौसेने पाहिले, तेच घरच्या गल्लीत उभे राहिल्यावर कोणी फिरकेना. कर्ज वाढत गेले. फेरिस यांनी आपले भाग विकले, पेढी अडचणीत आली, आणि 1896 साली पत्नीही त्यांस सोडून गेल्या. पहिल्या फेरीत न डगमगता बसलेल्या त्या बाईंस अखेरीस काय सोसवले नाही, हे सांगणे आमच्या अधिकारात नाही.

22 नोव्हेंबर 1896 रोजी पिट्सबर्ग येथील मर्सी रुग्णालयात विषमज्वराने फेरिस यांचा अंत झाला. विषमज्वर हा दूषित पाण्याचा रोग. पिट्सबर्गचे लोक तेव्हा नदीचे पाणी न गाळता पीत, आणि पोलादाचे हे श्रीमंत शहर विषमज्वराच्या मृत्यूंसाठी अमेरिकेत कुप्रसिद्ध होते. गाळण्याची व्यवस्था तेथे झाली ती 1907 सालाच्या पुढे. 264 फुटांवरून जो पडला नाही तो पेलाभर पाण्याने गेला. अंत्यविधीचे देणे राहिल्यामुळे त्यांच्या अस्थी दहनगृहात वर्षाहून अधिक काळ तशाच पडून होत्या.

इकडे चाक पोरके झाले. 1903 साली त्याचा लिलाव झाला आणि सुमारे 4 लक्ष डॉलर खर्चून उभारिलेली ती वस्तू एका भंगारवाल्याने 1800 डॉलरांस घेतली. मोहन्याचा रेयॉनचा कारखाना 2009 साली बंद पडला; चालते यंत्र आणि भंगार यांत काय अंतर असते हे आपल्याकडील पालकांस आम्ही सांगावयास नको. चाकास मात्र आणखी एक संधी मिळाली. 1904 साली सेंट लुई येथे जागतिक प्रदर्शन भरले, तेथे ते तिसऱ्यांदा उभे राहिले व पुन्हा लोकांनी भरभरून फिरले. प्रदर्शन आटोपले, चाक हलवावे एवढा पैसा कोणाजवळ नव्हता. 11 मे 1906 रोजी सुरुंग लावून ते पाडण्यात आले. ते एका अंगास कोसळेल अशी अपेक्षा होती. पण पाया उडाल्यावर ते किंचित फिरले, डोलले आणि जागच्या जागी मिटत गेले.

फेरिस यांच्या मागोमाग इतरांनीही मोठमोठी चाके बांधिली. लंडनचे 1895 सालचे 300 फुटांचे, व्हिएन्नाचे 1897 सालचे. यांपैकी व्हिएन्नाचे चाक महायुद्धात जळूनही पुन्हा उभारले गेले व ते अद्याप फिरते. लंडनला 2000 साली 135 मीटरचे नवे चाक झाले, आणि दुबईच्या किनाऱ्यावर 2021 साली 250 मीटरचे. फेरिस यांचे फुटांतले 250 तेथे मीटरांत झाले.

पण आपल्या जत्रेतील पाळणा या राजवंशातला नव्हे. 1893 साली शिकागोच्या चाकात बसलेल्या लक्षावधींत विल्यम सलिव्हन नावाचा पूल बांधणारा एक कारागीर होता. एवढे मोठे चाक एका जागी खिळून राहते व म्हणून मालकास बुडविते, हे त्याच्या ध्यानी आले असावे. त्याने 1900 साली सुमारे 45 फुटांचे एक चाक बांधिले, ज्याचे तुकडे करून गाडीवर घालता येत, दुसऱ्या गावी नेता येत, व थोड्या वेळात पुन्हा जोडिता येत. जत्रेजत्रेतून फिरणारे लोखंडी पाळणे याच रीतीने चालतात.

जत्रा उठण्याच्या रात्री आम्ही एकदा मुद्दाम मागे राहिलो होतो. दिव्यांच्या माळा उतरल्या. चार-पाच माणसे आऱ्यांतून माकडासारखी वर चढली, एकेक पाळणा सुटून दोराने खाली आला, मग सळया, मग घेराचे तुकडे, आणि सर्वांत शेवटी आस. तो उचलण्यास सगळ्यांचे हात लागले. एक मुलगा, वयाने आमच्या आठवीतल्या मुलांएवढा, सुटलेले बोल्ट मोजून डब्यात टाकीत होता. मोजणी एकदा चुकली, तेव्हा त्याने डबा जमिनीवर उपडा केला आणि कंदिलाच्या उजेडात पहिल्यापासून पुन्हा मोजावयास सुरुवात केली.